ठेकेदाराच्या स्टॅम्पपेपरवर सही करण्याआधी

पत्र: माझा थोरला भाऊ एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात ठेकेदारामार्फत फायरमन होता. वय ३२, नोकरी चार वर्षं आठ महिने, पगार महिना २३,००० रुपये. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, प्लास्टिकच्या गोदामाला लागलेल्या आगीत धुराने गुदमरून तो गेला. त्या दिवशी खरं तर त्याची साप्ताहिक सुट्टी होती. जोडीदार रजेवर होता म्हणून स्टेशनवरून फोन आला आणि तो बदलीवर गेला. हजेरीपटावर मात्र सुट्टीच लागली आहे. ठेकेदार म्हणतो, तो ड्युटीवर नव्हताच, तरी माणुसकी म्हणून तीन लाख देतो. 'यापुढे कसलीही मागणी करणार नाही' असं ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून आणलं आहे. अंत्यविधीच्या वेळी त्याने ५०,००० रुपये दिले होते, तेव्हा व्हाउचरवर वहिनीची सही घेतली. वहिनी २७ वर्षांची आहे, मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनचा. वडील नाहीत, आई माझ्याकडे गावी असते. पीएफला भावाने लग्नाआधी आईचं नाव लावलं होतं. जाऊ तिथे 'आधी वारस दाखला आणा' असं सांगतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सही करू नका. पुढचं सवडीने वाचलंत तरी चालेल, पण ठेकेदाराला आजच सांगा की कागद ठेवून जा, वाचून कळवतो. तो ठेवून गेला नाही तर निदान मोबाइलवर मसुद्याचा फोटो काढून घ्या. भाऊ ड्युटीवर नव्हता असं म्हणणारा माणूस हक्क सोडल्याचं लिहून मागतो, ही गोष्ट पुढे तुमच्याच कामी येईल.

भावाचा मृत्यू कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ खाली येतो. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलातल्या नोकरीचा स्वतंत्र उल्लेख आहे. कलम ८ म्हणतं की मृत्यूची भरपाई मालकाने घरच्यांच्या हातात द्यायचीच नाही, ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करायची. हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अपवाद एकच: अवलंबितांना तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम देता येते. तुमच्या बाबतीत ती मर्यादा ६९,००० होते. म्हणजे वहिनींनी घेतलेले ५०,००० हे फार तर आगाऊ रकमेत धरले जातील आणि भरपाईतून वजा होतील. त्या व्हाउचरने हक्क गेलेला नाही, ती धास्ती मनातून काढा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतो.

मग कागद रद्दबातलच असेल तर सही करून तीन लाख घ्यायला काय हरकत, असं कोणीतरी भावकीतला शहाणा सांगेलच. हरकत अशी की तो कागद उलटतपासणीत वहिनींसमोर धरला जातो, विमा कंपनी त्याच्या आडून वेळ काढते आणि मुख्य म्हणजे घरच्यांनाच वाटू लागतं की विषय संपला. अर्जाची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं आहे, म्हणजे तुमची ऑक्टोबर २०२७ पर्यंत. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण 'आम्ही तीन लाख घेऊन गप्प बसलो होतो' हे काही सबळ कारण नव्हे.

आता तीन लाखांच्या समोर खरा आकडा ठेवू. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र असं: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. पगार १५,००० पेक्षा कितीही जास्त असला तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे १५,००० च धरला जातो, म्हणून निम्मे ७,५००. शेवटच्या वाढदिवसाला ३२ पूर्ण असतील तर गुणांक २०३.८५. गुणाकार १५,२८,८७५ रुपये. याशिवाय अंत्यविधीचे किमान ५,०००. वय ३३ पूर्ण धरलं गेलं तर गुणांक २०१.६६ होतो आणि रक्कम १६,४२५ रुपयांनी घसरते, म्हणून वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला जोडा. आधारवर जन्मसाल चुकलेलं असणं काही दुर्मीळ नाही. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम जमा केली नाही तर दरसाल १२ टक्के सरळ व्याज लागतं, म्हणजे महिन्याला साधारण १५,२८८ रुपये. ठेकेदाराकडे उशिराचं समाधानकारक कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. तो घाईत का आहे, ते आता लक्षात आलं असेल.

पण पैसा फक्त हाच नाही, आणि इथेच बहुतेक घरांची गल्लत होते. सगळे दावे एकाच गाठोड्यात बांधून लोक फिरत राहतात आणि एक अडला की सगळे अडतात. तुम्ही दोन गठ्ठे करा. काही पैशाला तो कामावर होता की सुट्टीवर, याच्याशी काही देणंघेणं नाही: पीएफ, पीएफचा विमा, पेन्शन, बँकेतला विमा, ग्रॅच्युइटी. हा गठ्ठा याच महिन्यात लावून द्या. दुसऱ्या गठ्ठ्यात भरपाई. तिथे 'ड्युटीवर होता' हे सिद्ध करायचं आहे, त्याला वेळ लागेल. पुरावा मात्र आत्ताच जमवावा लागतो, कारण तो नाहीसा होतो.

पहिल्या गठ्ठ्यात सगळ्यात मोठी रक्कम ईडीएलआयची, म्हणजे पीएफसोबत आपोआप असलेल्या विम्याची. कामगाराच्या पगारातून यासाठी काही कापत नाहीत, म्हणून घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराची (कमाल १५,००० धरून) ३५ पट, अधिक त्याच काळातल्या पीएफमधल्या सरासरी शिलकेचा निम्मा भाग. हा दुसरा भाग १,७५,००० पर्यंत आणि सगळं मिळून सात लाखांपर्यंत. भावाचा पीएफ १५,००० वर कापला जात असेल आणि सरासरी शिल्लक १,४०,००० असेल, तर ५,२५,००० अधिक ७०,०००, म्हणजे ५,९५,००० रुपये.

पीएफच्या शिलकेसाठी नमुना २०, पेन्शनसाठी १०डी आणि विम्यासाठी ५आयएफ असे अर्ज असतात. मृत्यूच्या दाव्यासाठी तिन्हींचा मिळून एकत्रित अर्जही आहे, तोच भरा. सोबत मृत्यू दाखला, प्रत्येक दावेदाराचं आधार, रद्द केलेला धनादेश आणि मुलांचे जन्मदाखले. पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते हा समज इथे चालत नाही. सेवेत असताना मृत्यू आला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळतं, किमान १,००० रुपये महिना. शिवाय दोन मुलांना प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. वहिनींनी पुढे दुसरं लग्न केलं तर त्यांचं पेन्शन थांबतं आणि मुलांचं वाढीव दराने सुरू होतं. भरपाईच्या रकमेला मात्र दुसऱ्या लग्नाने धक्का लागत नाही.

पीएफमध्ये दोन ठिकाणी घोळ होतो. ठेकेदार पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख मृत्यूच्या आधीची टाकतो किंवा कारण 'सेवेत असताना मृत्यू' ऐवजी भलतंच नोंदवतो. तसं झालं की विम्याचा दावा लटकतो. म्हणून भावाचं पासबुक उघडून सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा भरणा आलाय का ते पाहा, आणि बाहेर पडल्याची तारीख काय दिसते त्याची प्रिंट काढा. चूक असेल तर पीएफ कार्यालयाला लेखी तक्रार द्या, सोबत मृत्यू दाखला आणि शेवटच्या पगाराची स्लिप. ठेकेदाराने अर्जावर सही द्यायला टाळाटाळ केली तर बँक व्यवस्थापक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते, त्याच्या दारात बसून राहू नका.

दुसरा घोळ नामनिर्देशनाचा. लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर पीएफ योजनेत बाद धरलं जातं. त्यामुळे आईचं नाव असलं तरी रक्कम एकट्या आईंना जाणार नाही. वैध नामनिर्देशन नसेल तर ती कुटुंबातल्या पात्र व्यक्तींना सारखी वाटली जाते. आई भावावर अवलंबून होत्या हे दाखवलंत तर त्याही त्यात येतात. पेन्शन मात्र वहिनी आणि मुलांचंच. हे घरात आधीच बसून बोला. पीएफ कार्यालयाच्या खिडकीवर सासू-सुनेने एकमेकींविरुद्ध अर्ज दिले की फाइल महिनोन्महिने हलत नाही.

मग भावाचं बँक पासबुक घ्या आणि मे-जूनची पानं बघा. २० रुपयांची एक आणि ४३६ रुपयांची एक वजावट दिसते का? २० ची असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूचे दोन लाख. ४३६ ची असेल तर जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणाच्या मृत्यूचे दोन लाख. दोन्ही असतील तर दोन्ही मिळतात. अपघाताची खबर बँकेला तीस दिवसांत द्यायची अपेक्षा असते. ते दिवस उलटून गेले असतील तरी आजच अर्ज देऊन पोच घ्या. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागून जोडता येतो.

ग्रॅच्युइटीबद्दल ठेकेदार हमखास सांगेल की पाच वर्षं झाली नव्हती. मृत्यू झाला असेल तर पाच वर्षांची अट नाही. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून चार वर्षं आठ महिन्यांची पाच वर्षं झाली. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर १५ भागिले २६ गुणिले १५,००० गुणिले ५, म्हणजे ४३,२६९ रुपये. नामनिर्देशन असेल तर नमुना जे, नसेल तर वारसांचा नमुना के.

आता दुसरा गठ्ठा, जिथे तुमची खरी लढाई आहे. 'सुट्टी होती' हे हजेरीपट सांगतो. पण अग्निशमन केंद्रात हजेरीपट हा एकच कागद नसतो, आणि आगीच्या दिवशीचा तो सगळ्यात महत्त्वाचा कागदही नव्हे. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की तिची नोंद होते: फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता बाहेर पडली, गाडीचा नंबर, गाडीवर कोण कोण होतं, परत कधी आली. या वर्दीच्या नोंदीत भावाचं नाव असेल तर हजेरीपटावरच्या सुट्टीला फारसा अर्थ उरत नाही. गाडीवर कोणी हौसेने चढत नाही, केंद्रावरच्या अधिकाऱ्याच्या हुकमानेच चढतो. बदली ड्युटी हजेरीपटावर न लावता परस्पर भागवणं ही ठेक्यावरच्या केंद्रांची जुनीच खोड आहे. एरवी त्यात नुकसान फक्त त्या दिवसाच्या पगाराचं होतं, म्हणून कोणी बोलत नाही.

वर्दीच्या नोंदीखालोखाल बीए सेटची, म्हणजे धुरात श्वास घेण्याच्या उपकरणाची, नोंदवही. श्वसनाचा सेट कोणी उचलला, सिलिंडरचा नंबर काय, दाब किती बार होता, हे तिथे लिहिलेलं असतं. धुराने मृत्यू झाला आहे तेव्हा तो सेट बहुधा पोलिसांनी घटनास्थळीच जप्त केला असेल; पंचनाम्यात त्याचा नंबर सापडला आणि तोच नंबर नोंदवहीत भावाच्या नावापुढे निघाला, तर ठेकेदाराला बोलायला जागा राहणार नाही. सेट नव्हताच असं निघालं, तर ते ठेकेदाराला आणि महापालिकेला आणखी अडचणीचं.

भावाचा मोबाइल जपून ठेवा. रीसेट करू नका, सिमकार्ड बंद होऊ देऊ नका, मुलांच्या हातात खेळायला देऊ नका. स्टेशनवरून आलेल्या त्या फोनची वेळ आणि नंबर कॉल यादीत आहे, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. ड्युटीच्या व्हॉट्सॲप गटावरचे संदेश दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. ठेकेदाराच्या माणसाने भावाला गटातून काढलं तरी जुने संदेश त्याच्या फोनवर राहतात. केंद्राच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जाऊन त्यावर नवं भरलं जातं. त्यामुळे मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना आजच पत्र द्या की त्या दिवसाचं चित्रण, वर्दीची नोंद आणि नियंत्रण कक्षाचं ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. चित्रण आधीच गेलं असलं तरी पत्र द्याच. मागूनही जपलं नाही, हेही नोंदीवर यायला हवं.

सोबतचे फायरमन साक्ष द्यायला कचरतील, त्यांचीही नोकरी त्याच ठेकेदाराच्या हातात आहे. त्यांना प्रतिज्ञापत्रासाठी गळ घालू नका. पोलिसांनी अकस्मात मृत्यूच्या चौकशीत त्यांचे जबाब घेतलेले असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालच्या त्या कागदपत्रांच्या नकला पोलीस ठाण्याकडे मागा: अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, जबाब.

महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहिलंत तर मोघम उत्तर येतं. नेमकं मागा: त्या तारखेच्या वर्दीच्या नोंदीची प्रत, त्या आगीचा अहवाल, बीए सेट नोंदवहीचं त्या दिवसाचं पान, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश आणि करारनामा, त्याने जोडलेली कामगार भरपाईची विमा पॉलिसी, आणि बिलांसोबत सादर केलेली शेवटच्या १२ महिन्यांची पीएफ चलनं. शेवटच्या दोन गोष्टी विसरू नका. मनुष्यबळाच्या ठेक्यात अशा पॉलिसीची अट पुष्कळदा असते, आणि पॉलिसी हाती आली की पैसे कोण देणार हे ठरतं. चलनं हाती आली की पीएफचा गठ्ठाही सुटतो.

शवविच्छेदनाच्या अहवालाचा शेवटचा रकाना वाचा. तिथे 'मत राखून ठेवले' असं लिहिलं असेल तर व्हिसेरा (शरीरातल्या अवयवांचे नमुने) किंवा रक्त रासायनिक तपासणीला गेलेलं आहे आणि अंतिम कारण यायचं आहे. धुराच्या मृत्यूत रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण हाच मोठा पुरावा असतो, त्यामुळे या अहवालाला किंमत आहे. तो आपणहून घरी येत नाही. पोलीस ठाण्याकडे तपासणीचा जावक क्रमांक विचारा, अहवाल आला की तो रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढे ठेवून मृत्यूच्या अंतिम कारणाचा दाखला घ्यायचा असतो. हा एक कागद राहिला म्हणून विमा कंपन्या आठ-आठ महिने फाइल बाजूला ठेवतात.

अर्ज कोणाकडे? इथे आयुक्त म्हणजे महापालिकेचे आयुक्त नव्हेत. त्यांच्याकडे भरपाईचा अर्ज देऊन वर्षभर उत्तराची वाट पाहिलेली घरं आहेत. कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांचं काम महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. आग लागली त्या ठिकाणच्या किंवा वहिनी राहतात त्या ठिकाणच्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. अवलंबितांचा अर्ज नमुना जी मध्ये. त्याआधी ठेकेदार आणि महापालिका दोघांना नोटीस पाठवा, स्पीड पोस्टने, पोचपावती घेऊन. आणि एक सोपी गोष्ट, जी फार कमी लोक करतात: आयुक्तांना साधं पत्र लिहून मृत्यूची माहिती द्या. कलम १०अ प्रमाणे ते मालकाला नोटीस काढून मृत्यू कसा झाला आणि भरपाईची जबाबदारी मान्य आहे का, हे ३० दिवसांत लेखी मागू शकतात. ठेकेदार तोंडी जे बोलतो ते कागदावर उतरवताना पुष्कळदा वेगळंच लिहितो.

अर्जात तिघांनाही प्रतिवादी करा: ठेकेदार, महापालिका आणि पॉलिसी असेल तर विमा कंपनी. कलम १२ प्रमाणे मूळ काम ज्याचं आहे, म्हणजे इथे महापालिका, तिच्याकडूनही भरपाई मागता येते. तिने मग ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार उद्या दुसऱ्या नावाने कंपनी काढून मोकळा होईल, महापालिका कुठे जाणार नाही. विमा कंपनी भरपाई आणि व्याज देते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो.

'त्याने मास्क लावला नाही', 'तो प्यायलेला होता' असले मुद्दे निघाले तर घाबरू नका. नियम मोडल्याचा किंवा नशेचा बचाव मालकाला जखमेच्या दाव्यात असतो. मृत्यू झाला असेल तर कलम ३ प्रमाणे तो बचाव उरतच नाही. 'आगीत घुसण्याची त्याला गरज नव्हती' हे फायरमनबद्दल कोणी म्हणालंच तर न्यायाधीशच पुढचा प्रश्न विचारतील.

कोणी सांगेल की हा कायदा आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली हे खरं, पण भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच्या कायद्याने ठरतो आणि तुमचा अपघात ऑक्टोबरचा आहे. अर्जावर १९२३ चाच कायदा लिहा. दुसरं, पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात दिसते का पाहा. त्यासाठी पगाराची मर्यादा २१,००० आहे, त्यामुळे २३,००० वर ती बहुधा नसेल. असेल तर वाट बदलते: मग भरपाई कायद्याखाली दावा चालत नाही, ईएसआय महामंडळाकडून पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने अवलंबितांना दरमहा रक्कम मिळते.

वारस दाखल्याचं भूत मात्र उतरवा. भरपाईच्या अर्जाला तो लागत नाही. तिथे वारस नव्हे, अवलंबित पाहिले जातात. विधवा पत्नी, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई हे चौघं तर अवलंबून होते हे सिद्ध न करताही पात्र ठरतात. पीएफलाही तो साधारणपणे लागत नाही. बँकेत नामनिर्देशन नसलेली मोठी शिल्लक असेल तर लागेल. तिथे दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालचं वारस प्रमाणपत्र किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्यात महिने जातात. ते काम सुरू करून द्या, पण बाकीचं त्यावाचून अडवू नका. आधी पाहायला हवी ती नावं. मृत्यू दाखल्यावर, आधारवर, पीएफमध्ये आणि पासबुकात भावाचं नाव एकसारखं आहे का? वहिनींचं आधार माहेरच्या नावाचं असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही.

अर्जात आईंचं नाव घाला, राग असो वा नसो. एक पात्र अवलंबित वगळल्याचं नंतर निघालं की वाटपाचा आदेश पुन्हा उघडला जातो. कोणाला किती, हे आयुक्त ठरवतात. ठरलेला समान हिस्सा नसतो, लहान मुलांचा आणि विधवेचा विचार जास्त होतो. मुलांची रक्कम बहुधा बँकेत मुदतठेवीत ठेवतात, म्हणून दोघा मुलांची वहिनींसोबत खाती उघडून ठेवा. ठेव मोडायची वेळ आली तर शाळेची फी किंवा औषधपाण्याचं बिल जोडून आयुक्तांकडे अर्ज करता येतो, परवानगी मिळते.

महापालिकेची मदत आणि वहिनींना नोकरी यांवर फार विसंबू नका. अनुकंपा नियुक्ती कायम कर्मचाऱ्यांच्या वारसांसाठी आहे, ठेक्यावरच्यांना तो हक्क नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचंही तेच. सानुग्रह मदत देणं सर्वसाधारण सभेच्या किंवा प्रशासकांच्या ठरावावर असतं, तेव्हा महापालिका आयुक्तांना अर्ज जरूर द्या आणि आवक क्रमांक घ्या. १४ एप्रिलला, १९४४ साली मुंबई गोदीतल्या स्फोटांत गेलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ, सगळीकडे अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या दिवशी वहिनींना बोलावतील, शाल-श्रीफळ देतील, व्यासपीठावरून शब्दही देतील. मान घ्यावा. पण त्या शब्दाच्या बदल्यात दावा मागे घ्या असं कोणी सुचवलं तर नकार द्या.

वकील टक्केवारीवर मागू लागला तर आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कायद्याने कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. वहिनींच्या नावाने अर्ज करा, तुमच्या नव्हे. साक्ष त्यांनाच द्यावी लागेल आणि उलटतपासणीत दोनच गोष्टींवर भर असेल: पगार किती होता, आणि त्या दिवशी सुट्टी होती की नाही. पगारासाठी बँकेत जमा झालेल्या रकमांचा उतारा बोलेल. सुट्टीबद्दल त्यांनी स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगावं: फोन किती वाजता आला, भाऊ काय बोलला, किती वाजता घराबाहेर पडला, कोणाच्या गाडीवरून गेला. सुनावणीपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातील आणि वेळा पुसट होतील. त्या आजच वहिनींच्या हस्ताक्षरात, तारीख घालून लिहून ठेवा.